सोयाबीन फुलात आणि दिवाळी दारात

ताई, नमस्कार.

मी औसा तालुक्यातल्या एका गावात राहते. घरी पाच एकर कोरडवाहू शेती आहे आणि मी घरीच शिलाईचं काम करते. ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे ड्रेस. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी लातूरला अस्तर आणायला गेले तर गंजगोलाईत एका दुकानावर फ्लेक्स, 'दिवाळी धमाका, बुकिंग सुरू'. अजून राखी व्हायची आहे, पोळा व्हायचा आहे, महालक्ष्म्या बसायच्या आहेत. घरी आले तर आमच्या मालकांच्या मोबाइलवर पण तेच. एका शोरूमवाल्यानं त्यांना सांगितलंय, आता पाच हजार भरा, दिवाळीला मोटरसायकल न्या, बाकीचे हप्त्यानं द्या. ते काही त्यांच्या डोक्यातून जात नाही. नऊ वर्षांचा मुलगा रोज सकाळी विचारतो, आई, दिवाळीला किती दिवस राहिले? त्याला रिमोटची गाडी पाहिजे. मी नको म्हटलं की मी चिंगूस. सासूबाई म्हणतात, सण येईपर्यंत सणाचा कंटाळा यायला लागलाय. हे दर वर्षी आधी आधी येतंय का मलाच तसं वाटतंय? आणि भांडण न करता हे आवरायचं कसं?

ता. क. माझ्या दारावर 'दिवाळीच्या ऑर्डर घेतल्या जातील' अशी पाटी लावू का? मैत्रीण म्हणते, आत्ताच लाव. मला लाज वाटते.

– एक वाचक, ता. औसा

नमस्कार ताई,

तुमच्या ता. क. वर मी आधी खुदकन हसले. वर सगळं पत्र जाहिरातवाल्यांच्या नावानं बोटं मोडण्यात घालवलंत आणि खाली हळूच विचारलंत, माझी पाटी लावू का! पण लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. पाटीकडं शेवटी येते, कारण माझ्या मते तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा प्रश्न तोच आहे.

आधी येतंय की वाटतंय? थोडं खरं आहे, थोडं पंचांगाचं आहे. लक्ष्मीपूजन २०२३ ला १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ ला १ नोव्हेंबरला आणि गेल्या वर्षी २१ ऑक्टोबरला. म्हणजे दिवाळीच दर साल दहा-अकरा दिवस अलीकडं येत होती. यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ झाला आणि ती ८ नोव्हेंबरवर गेली. चांगली अठरा दिवस लांबली. पण फ्लेक्स काही लांबला नाही. १८ ऑगस्टला तुम्ही तो बघितला तेव्हा लक्ष्मीपूजनाला ८२ दिवस होते. सोयाबीन पेरल्यापासून निघायला नव्वद-शंभर दिवस लागतात. एक पीक निघावं जवळजवळ एवढा काळ आधी दुकानदारानं दिवाळी टांगली. तेव्हा तुम्हाला वाटतंय ते उगाच नाही.

आपल्याकडं पूर्वी या घाईला मध्ये एक भिंत होती. पितृपंधरवडा. त्या पंधरा दिवसांत कुणी नवं कापड घेत नसे, सोनं घेत नसे, भांडं घेत नसे. माझ्या लहानपणी आमच्या गावचा कापडवाला पंधरवड्यात दुपारी गादीवरच आडवा व्हायचा, तोंडावर पेपर घेऊन. दिवाळीचं बोलणं निघायचं ते घट बसल्यावर. ही भिंत आता मोबाइलवाल्यांनी पाडली आहे. २०१४ ला फ्लिपकार्टनं पहिला 'बिग बिलियन डे' केला तो ६ ऑक्टोबरला. दसरा होऊन गेला होता आणि दिवाळी १७ दिवसांवर होती. पुढं २०२३ ला फ्लिपकार्ट आणि अ‍ॅमेझॉन दोघांचे सेल ८ ऑक्टोबरला लागले, २०२४ ला २७ सप्टेंबरला. दोन्ही वेळा दिवाळी पाच आठवडे लांब होती आणि दोन्ही वेळा पंधरवडा चालू होता. एका हातानं पितरांचं पान वाढायचं, दुसऱ्या हातानं टीव्ही बुक करायचा. गेल्या वर्षी सेल घटस्थापनेच्या सुमाराला आले. जीएसटीचे नवे दरही त्याच दिवशी, २२ सप्टेंबरला लागू झाले. त्यात पितरांची भीड किती आणि जीएसटीची किती, हे तुम्हीच ठरवा.

हे दुखणं आपल्या एकट्याचं नाही. अमेरिकेत ख्रिसमसचं असंच चालतं. तिथली भिंत म्हणजे थँक्सगिव्हिंग, नोव्हेंबरातला एक गुरुवार. तो झाल्याशिवाय ख्रिसमसच्या जाहिराती करणं बरं दिसत नसे. १९३९ ला तो गुरुवार ३० तारखेला येत होता आणि ख्रिसमसच्या खरेदीला दिवस कमी पडत होते. दुकानदारांनी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना गळ घातली आणि त्यांनी सणच आठवडाभर अलीकडं ओढून २३ तारखेवर आणला! काही राज्यांनी मानलं, काहींनी साफ नाही म्हटलं. दोन वर्षं तो घोळ चालला, शेवटी १९४१ ला कायदा करून चौथा गुरुवार नक्की केला. आपलं पंचांग कुणाला ओढता येत नाही, म्हणून फ्लेक्स ओढतात.

दुकानदार असं का करतात हे मालकांना एकदा सांगा, कारण कारण कळलं की निम्मा जोर जातो. घरातला सणाचा पैसा एकच असतो. तो कपड्यावाल्याकडं गेला तर टीव्हीवाल्याकडं जात नाही, आणि गाडीवाल्याकडं गेला तर बाकी कुणाकडंच जात नाही. म्हणून जो तो दुसऱ्याच्या आधी पोचायला बघतो. एकानं पोळ्याला फ्लेक्स लावला की शेजारी नागपंचमीला लावतो. त्यात डीलरच्या मागं कंपनीचं टार्गेट असतं. पाच हजारांचं बुकिंग हे त्या टार्गेटसाठी तुम्हाला दावणीला बांधणं आहे. एकदा दावं बांधलं की तुम्ही दुसऱ्या शोरूमला जात नाही, भाव विचारत नाही.

आता मुद्द्याचं. मी तीस वर्षं एका सहकारी बँकेत खिडकीमागं बसले. कुठला महिना आहे हे मला कॅलेंडर न बघता खिडकीवरच्या माणसांकडं बघून कळायचं. ऑगस्टमध्ये सगळे काढणारे. पीककर्जाचा पैसा खतात गेलेला, फवारणी चालू, पोरांच्या फिया भरलेल्या. पासबुक पुढं सरकवून लोक हळू आवाजात विचारायचे, 'किती हाय बगा शिल्लक.' दसऱ्यानंतर तीच माणसं आडतीची पट्टी, म्हणजे माल विकल्याची पावती, घडी करून खिशात घालून यायची आणि आवाज चांगला मोठा असायचा. लातूर, औसा, निलंगा या पट्ट्यात सणाचा पैसा सोयाबीनच्या पट्टीबरोबर येतो. पुण्या-मुंबईच्या नोकरदाराला ऑगस्टमध्ये पण पगार असतो आणि ऑक्टोबरमध्ये पण, त्याला दिवाळी कधीही विकली तरी चालते. आपल्याला ऑगस्टमध्ये दिवाळी विकायची म्हणजे एकच वाट उरते, उधारी. हा फ्लेक्स लावणारा माणूस तुमच्या गावचाच असेल, त्याला हे कळतं. त्याच्या वरच्याला कळत नाही, किंवा कळूनच तो हप्त्याचा कागद पुढं करतो.

सासूबाईंना विचारलंत तर त्या सांगतील, उधारी पहिल्यापासून आहे. खरं आहे, जुनं सगळं गोड होतं असं मी म्हणणार नाही. सावकार पण होता, आडतीवरची उचल पण होती, आणि उचल घेतलेल्याला माल त्याच आडतीवर पडेल त्या भावानं घालावा लागायचा. पण किराणावाल्याची वही आणि फायनान्सचा हप्ता यात एक फरक आहे. कापून रचलेली सोयाबीनची बनीम पावसात भिजली की किराणावाला शिव्या देतो, तोंड वाकडं करतो आणि थांबतो, कारण त्याला तुमच्याच गावात राहायचं असतं. हप्ता थांबत नाही. गेल्या सप्टेंबरात धाराशिव, बीड, लातूरकडं पावसानं काय केलं ते तुम्ही डोळ्यांनी बघितलंय. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता आणि दिवाळीच्या आसपास बाजार त्याच्या खालीच होता. त्या दिवाळीत ज्यांच्या खात्यावरून हप्ता कापायचा होता त्यांचा तो ठरल्या तारखेला कापायला आला, आणि खात्यात पैसे नव्हते त्यांना वर दंड लागला.

आता शोरूमवाल्याचा हिशेब करू. मालकांना शेजारी बसवा आणि हा भाग त्यांनाच वाचायला द्या. समजा गाडीसाठी ८०,००० रुपये कर्ज, दोन वर्षांची मुदत, आणि सेल्समन म्हणाला, 'फक्त बारा टक्के, फ्लॅट.' बारा टक्क्यांनी ८०,००० वर वर्षाचं व्याज ९,६००, दोन वर्षांचं १९,२००. एकूण ९९,२००, भागिले चोवीस, हप्ता ४,१३३ रुपये. ऐकायला सोपं वाटतं. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता. शेवटच्या वर्षात तुमच्याकडं निम्म्याहून कमी पैसे उरलेले असतात, तरी व्याज पूर्ण ८०,००० वर चालूच. उरलेल्या मुद्दलावर धरलं तर हा दर साधारण साडेएकवीस टक्के पडतो. खरंच बारा टक्के असते तर हप्ता ३,७६६ च्या आसपास आला असता आणि दोन वर्षांचं व्याज १०,४०० च्या आत. 'फ्लॅट' या एका शब्दाला जवळजवळ नऊ हजार रुपये पडतात. तेवढ्यात तुमच्या घरची दिवाळी होते, महालक्ष्म्यांसकट.

आणि कुणी 'शून्य टक्के' म्हणालं तर त्याहून जास्त सावध. रिझर्व्ह बँकेनं २०१३ लाच बँकांना सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट नसते. ते व्याज प्रोसेसिंग फीमध्ये लपलेलं असतं, किंवा रोखीनं घेणाऱ्याला मिळणारी सूट तुम्हाला मिळत नाही.

याला एक सरळ उपाय आहे, आणि मी खिडकीमागं असताना तो नव्हता याचं मला वाईट वाटतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून असं कर्ज देणाऱ्या प्रत्येकानं सही घेण्याआधी एक कागद द्यायचा असतो, 'की फॅक्ट स्टेटमेंट'. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर एका आकड्यात लिहिलेला असतो, आणि तो कागद कर्जदाराला समजेल त्या भाषेत द्यायचा असतो. म्हणजे तुम्ही मराठीत मागू शकता. मालकांनी शोरूममध्ये एवढंच म्हणायचं, 'ते की फॅक्ट मराठीत द्या, घरी वाचून येतो.' देणारा खरा असेल तर देईल. 'साहेब, ऑफर आजचीच आहे' म्हणाला तर चहा पिऊन यायचं.

पाच हजारांच्या बुकिंगचं पण विचारा. परत मिळणार का, किती दिवसांत, आणि हे पावतीवर लिहून देणार का? भाव बुकिंगच्या दिवसाचा धरणार की गाडी नेण्याच्या दिवसाचा? अजून एक. गेल्या वर्षी २२ सप्टेंबरपासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ती कपात सरकारनं दिली, शोरूमनं नाही. यंदाची 'दिवाळी सूट' म्हणून तीच परत विकत नाहीत ना, तेवढं बघा.

माझी स्वतःची फजिती सांगते, म्हणजे मी फार शहाणी आहे असं वाटायला नको. काही वर्षांपूर्वी गणपतीत एका दुकानात 'दिवाळीचा भाव आत्ताच' अशी पाटी बघून मी वॉशिंग मशीन घेतलं. बँकेतली बाई, हिशेबात पक्की! धनत्रयोदशीला शेजारणीबरोबर त्याच दुकानात गेले तर तेच मशीन, तोच रंग, पंधराशे रुपये कमी आणि वर एक इस्त्री. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, 'मॅडम, ती ऑफर वेगळी होती.' ऑफर वेगळीच होती, त्याचं बरोबर होतं. तेव्हापासून मला एक सवय लागली. जाहिरात दिसली की वस्तू घ्यायची नाही, वहीत भाव लिहायचा. तारीख, दुकान, मॉडेल, आकडा. लवकर येणाऱ्या जाहिरातीचा मला कळलेला हा एकच उपयोग. दिवाळीला '४० टक्के सूट' दिसली की वही काढायची. पुष्कळदा श्रावणातल्या भावात आणि सूट दिलेल्या भावात चहापाण्याएवढा फरक निघतो.

'फक्त दोन शिल्लक' आणि 'ऑफर संपायला ११ मिनिटं' यांना तर काडीची किंमत देऊ नका. ऑनलाइन दुकानांत अशी खोटी घाई दाखवणं केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२३ च्या नियमांप्रमाणं गैर आहे. फसवणूक झालीच तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, मराठीत बोलता येतं. आणि रोजच्या मेसेजांचा वैताग असेल तर मालकांच्या फोनवरून १९०९ ला इंग्रजीत 'स्टार्ट' आणि पुढं शून्य असा मेसेज पाठवा. बँकेचे व्यवहाराचे मेसेज येत राहतील, बाकीचे बरेच कमी होतील.

आता भांडणाचं. तुम्ही 'नको' म्हणता म्हणून चिंगूस ठरता. गाडी नकोच आहे का, हे आधी स्वतःला विचारा. दूध घालायला, शेताकडं जायला, तुमचं अस्तर-धागा आणायला गाडी लागत असेल तर ती चैन नाही आणि मालक वेडे नाहीत. तुमचा वाद गाडीशी नाहीच, तारखेशी आहे. तेव्हा 'नको'च्या ऐवजी 'पट्टी आल्यावर' म्हणून बघा. यंदा अधिक महिन्यानं आपल्यावर एक उपकार केलाय. दिवाळी ८ नोव्हेंबरला, म्हणजे पाऊस सरळ वागला तर सोयाबीन निघून, वाळून, आडतीवर जाऊन पैसा हातात यायला वेळ आहे. गेल्या वर्षी तो नव्हता. ज्या दिवशी पट्टी येईल त्या रात्री जेवण झाल्यावर दोघांनी कागद घेऊन बसायचं. आधी पीककर्ज, मग हरभऱ्याचं बी-खत, मग दुकानाची उधारी. उरलं त्यातून गाडीचे निम्मे जरी रोख निघाले तरी शोरूममध्ये तुमचा आवाज वेगळा येतो. आणि हप्ता घ्यायचाच झाला तर जून ते सप्टेंबर हे चार महिने तो कुठून भरणार ते त्याच कागदावर लिहा. पेरणी तेव्हाच असते, शाळा तेव्हाच असते, आणि घरात यायला फक्त तुमच्या मशीनचे पैसे असतात. तो रकाना मालकांना स्वतःच्या अक्षरात भरू द्या. तुम्ही बोललात तर ती कटकट, त्यांनी लिहिलं तर हिशेब.

मुलाचं सोपं आहे. त्याला दिवाळीचे दिवस मोजायला मोबाइलनं शिकवलंय, तर मोजू द्या, पण मधले सण गाळू नका. भिंतीवर कॅलेंडर असेलच. पोळा, गणपती, महालक्ष्म्या, घट, दसरा, कोजागिरी, सगळ्यांवर त्याच्याच हातानं गोल करायला लावा. मग दिवाळीला किती दिवस विचारलं की सांगायचं, 'आधी पोळा. बैल केलेस का मातीचे?' नऊ वर्षांच्या पोराला हातात चिखल दिला की रिमोट तासभर तरी विसरतो. रिमोटची गाडी एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. दसऱ्याला उघडून बघू म्हणा. मधल्या काळात त्या कागदावर आणखी तीन गोष्टी येतील आणि पहिली कदाचित तोच खोडेल. नाही खोडली तर घेऊन द्या, ती त्याला खरंच हवी आहे. आणि मुलगा जो मोबाइल घेतो त्यावर मालकांनी गाड्यांचे व्हिडिओ बघू नयेत आणि मालकांच्या मोबाइलवर त्यानं खेळण्यांचे. एकाच फोनवर दोघांनी बघितलेलं दोघांच्या मागं लागतं.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या बोलण्यावर मला आठवली ती येळवस. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आपल्या भागातली गावंच्या गावं शेतात जाऊन बसतात, कडब्याची कोप उभी करतात, भज्जी, अंबील, उंडे, ज्वारीच्या हिरव्या रानात पंगती. लातूरच्या रस्त्यांवर त्या दिवशी शुकशुकाट असतो. येळवशीची जाहिरात मी आजवर कुठं बघितली नाही, आणि तिचा कंटाळा आलेला माणूस पण बघितला नाही. अर्थात भज्जीला लागणाऱ्या सगळ्या भाज्या एका पाकिटात घालून विकायचं कुणाच्या डोक्यात आलं की ते पण सुरू होईल. मी कुणाला सुचवत नाही.

आता तुमची पाटी.

लावा. लाज सोडा. शोरूमवाल्याची घाई आणि तुमची घाई एक नाही. त्याच्या गोडाऊनमध्ये गाड्या भरून उभ्या आहेत, त्याला ऑगस्टमध्ये पण विकता येतात आणि नोव्हेंबरमध्ये पण. तुमच्याकडं दोन हात आणि एक मशीन आहे. अस्तराचे ब्लाऊज दिवसाला चार धरले तर दसरा २० ऑक्टोबरचा आणि दिवाळी ८ नोव्हेंबरची, मधले १९ दिवस, होतात ७६. पण त्याच दिवसांत सोयाबीनची कापणी-मळणी आहे. मजूर मिळाले नाहीत तर तुम्हीच रानात. निम्मे दिवस गेले की राहिले चाळीसेक ब्लाऊज, आणि बायका कापड घेऊन येणार धनत्रयोदशीच्या आदल्या संध्याकाळी, 'फक्त एवढं एक करून द्या की ओ.' मग तुम्ही लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारपर्यंत हूक लावत बसणार. दर वर्षी असंच होत असेल. होतं ना?

तेव्हा तुम्ही लोकांना जितकं आधी सांगाल तितकं तुमचं आणि त्यांचं बरं. फक्त आत्ता श्रावणात नको. महालक्ष्म्या उठल्या की लावा. पंधरवडा २७ सप्टेंबरला सुरू होतो. त्यात नवं कापड टाकायला नको म्हणणाऱ्या बायका असतात, म्हणून त्याच्या आधीच्या आठवड्यात मापं आणि कापड घेऊन ठेवा. आधी आलेलं पंधरवड्यात शिवायला तुम्हाला कुणी अडवत नाही, आणि १० ऑक्टोबरपर्यंत ते दिवस तसे निवांत असतात. पैसे तेव्हा मागू नका, गिऱ्हाइकाचा पैसा पण सोयाबीनमध्येच अडकलेला असतो. अस्तराचा खर्च तेवढा आधी घ्या, शिलाई ब्लाऊज नेताना. ज्या आधी टाकतील त्यांना नेहमीची शिलाई, दसऱ्यानंतर येतील त्यांना दहा-वीस रुपये जास्त. सूट देऊ नका, उशिराचे जास्त घ्या. गिऱ्हाइकाला दोन्हीतला फरक लगेच कळतो आणि तुमचा मूळ भाव पडत नाही.

पाटीवर 'धमाका' लिहू नका. शेवटची तारीख लिहा, मोठ्या अक्षरात. आणि पाटी खडूनं लिहा, ऑइल पेंटनं नको. पाऊस लांबला, कापणी पुढं गेली, तर तारीख पुसून दुसरी घालता आली पाहिजे.